चालण्यासाठी काढलेलं पाणी

तुम्ही पाठवलेल्या फोटोतली जुन्या चर्चची फरशी मी भिंग घेऊन पाहिली. "आजी, ही रांगोळी आहे का?" असं धाकटीनं विचारलंय. रांगोळी नाही, रंगीत दगडांचे बारीक तुकडे बसवून केलेली फरशी आहे. कडेच्या नागमोडी रेघा म्हणजे पाणी. कोपऱ्यांतून निघालेल्या चार नद्या ख्रिस्ती लोकांच्या स्वर्गातल्या. मला हे ठाऊक आहे, कारण अशी फरशी मी एकदा काढली आहे. कशी, ते क्रमानं सांगते.

झाशीत आमच्या मिशनच्या शाळेत चित्रकला शिकवायला एक इटालियन सिस्टर होत्या. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये सातआठशे वर्षांची अशीच फरशी होती. तिचा लहानसा फोटो त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात असे. लहानपणी दर रविवारी त्या आईबरोबर त्या नद्यांवरून चालत जात. मी आठवीत असताना त्यांची आई गेल्याचं पत्र आलं. ते पोहोचेपर्यंत महिना उलटला होता. आम्हाला त्या एवढंच म्हणाल्या, "त्या फरशीवरून आणखी एकदा चालायला मिळालं असतं तर!" त्या काळी सिस्टर सहसा मायदेशी परत जात नसत.

मी ठरवलं, ती फरशी शाळेच्या व्हरांड्यात काढायची. फोटो मागून घरी आणला. आईनं तो उजेडाकडे धरला.

"पाणी जमिनीवर काढलंय? आणि त्यावरून चालतात?"

"हो."

"पाण्यावर सरळ पाय? आपण नदीत उतरताना आधी पाणी डोळ्यांना लावतो. धन्य आहे बाई त्यांची!"

पण मानिक चौकातल्या बाजारातून पांढरी पूड आणि कपड्यांची नीळ तिनंच आणली. निळ्या थरावर तीन बोटांनी एका दमात लाट ओढायलाही तिनंच शिकवलं. "श्वास रोखू नकोस, रेघ अडते." अंगणात आमचा सराव चालला असताना शेजारच्या बुंदेली काकी डोकावल्या.

"का बना रईं, बिन्नू?"

"नदी."

"तौ एक मगर सोई डार दो, मोड़ियाँ दूर रैहैं!"

मगर पाहून पोरी लांब राहतील, म्हणे! आई हसली. मगर काही आम्ही काढली नाही, मासे काढले.

रविवारी प्रार्थनेच्या आधी मी व्हरांड्यात ती फरशी पुरी केली. चार नद्या, मधे एक गोल, त्यात मासे. मग, रांगोळीवर कुणाचा पाय पडू नये म्हणून आपण काळजी घेतो तशी, चारी बाजूंनी बाकं लावून टाकली.

सिस्टर आल्या. बाकाला धरून कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी बाक बाजूला सरकवलं, बूट-मोजे काढले आणि थेट नदीवर पाऊल ठेवलं.

"सिस्टर, नको! मोडेल!" मी ओरडले.

त्या चालतच राहिल्या, अगदी सावकाश. मागे लाटा विस्कटत होत्या. मधल्या गोलात पोहोचल्यावर त्या वळल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"आओ, बेटी."

मी मान हलवली. रांगोळीवर पाय द्यायचा नसतो, एवढंच मला कळत होतं, आणि दोन तासांची मेहनत पुसली म्हणून रागही आला होता. त्यांनी हात तसाच धरून ठेवला. शेवटी एकट्याच पलीकडच्या कडेपर्यंत चालत गेल्या.

घरी येऊन मी आईजवळ रडले. ती पोळ्या लाटत होती.

"तूच म्हणालीस ना, ते चालण्यासाठी असतं? मग बाकं कशाला लावलीस?"

पुढच्या वर्षी सिस्टरांची बदली झाली. कुठे, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्यांना नुसतं चालायचं नव्हतं, बरोबर कुणीतरी हवं होतं, हे समजायला मला फार वर्षं लागली. तुम्ही सगळे दूर गेल्यापासून तर ती सकाळ वरचेवर आठवते. मी जायला हवं होतं. चार पावलांचं तर अंतर होतं.