हात लागल्याशिवाय

गच्चीवरची टाकी भरली की पंप बंद करायला आमच्या घरात एकटी आत्याच उठायची. बाकीच्यांचे कान त्या वेळी नेमके बहिरे व्हायचे. निवृत्त झाल्यावर तिने जाहीर केलं, "आता हे काम यंत्र करेल," आणि बाजारातून तळहाताएवढा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेऊन आली.

तारा जोडून झाल्या, लॅपटॉपवरून प्रोग्रॅमही चढला. पण बोर्डावर बोट दाबून धरलं तरच त्याचा दिवा लागायचा. बोट काढलं की विझायचा.

बाबा हसले. "ताई, तुझा हात लागल्याशिवाय या घरात काही चालतच नाही बघ."

याच कौतुकावर आम्ही तिला जन्मभर राबवून घेतलं. दुसऱ्या शहरातली बढतीसुद्धा तिने याच वाक्यापायी सोडली होती.

"हा बोर्डाचा दोष आहे, माझा मोठेपणा नाही," आत्या म्हणाली. चष्मा चढवून तिने बोर्ड उलटा केला. तारांसाठीच्या पिना भोकांत नुसत्या खोचलेल्या होत्या. त्यांना सोल्डरचा डाग द्यायचाच राहिला होता. दाबलं की टेकायच्या, सोडलं की सुटायच्या. तिने एकेक पिन डाग देऊन पक्की केली.

संध्याकाळी टाकी भरली आणि पंप आपोआप बंद झाला. आत्या खुर्चीतून हललीही नाही.

तेवढ्यात बाथरूममधून बाबांची हाक आली, "ताई, माझा टॉवेल दे गं."

"बोर्ड माझ्या हाताशिवाय चालायला लागला," आत्या बसल्या जागेवरून म्हणाली. "आता तुझा नंबर."