सत्तर क्लिकांचा पुडा

देवानंदने गोकुळाबाईला कामावर घेतलं ते तिची बोटं पाहून. विडीसाठी तेंदूची पानं मोजून सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा असतो. गोकुळाबाई ते न बघता करायची. समोर भांडण चालू असो की वरात, तिचा हात सत्तरावर थांबणार, दोरीकडे जाणार. पानं विकत घेणाऱ्या फडीवरचा मुन्शी इतरांचे पुडे सोडून मोजायचा, तिचे नुसते उचलून ठेवायचा.

तिने काम धरलं ते वेगळ्या कारणाने. आदल्या मे महिन्यात तिची धाकटी बहीण मंगली पानं तोडताना वाघाने नेली. दोघींत दहा हातांचं अंतर होतं आणि गोकुळाबाईची पाठ तिच्याकडे होती. तेव्हापासून ती रडली नव्हती आणि जंगलातही गेली नव्हती. "पुढच्या हंगामात मी जात नाई," एवढंच ती नवऱ्याला, गोविंदाला, म्हणाली. "मंग दुसरं काई पाहा," तळ्यावर जाळं घेऊन निघालेला गोविंदा म्हणाला. त्याचंही चुकत नव्हतं. नुसत्या मासळीवर घर चालत नव्हतं.

हे २००७ सालचं. गोंडपिपरीत बसस्टँडामागे देवानंदचं इंटरनेटचं दुकान होतं. मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर. एकावर त्याची चुलत बहीण दामिनी, दुसऱ्यावर गोकुळाबाई.

"हे आपली वेबसाइट," देवानंदने दाखवलं. "हे बाजूले कर्जाची जाहिरात. कोनी इच्यावर क्लिक केलं का जाहिरातवाला हैदराबादच्या कंपनीले पैसे देते. कंपनी त्यातले मले देते."

"अन् क्लिक कोन करते?"

"तुमी."

"मले तं कर्ज नाई पाहिजे, भाऊ."

"कोनालेच नाई पाहिजे! म्हनून तं तुमाले बसवलं, बाई."

थोड्या थोड्या वेळाने तो लाइन तोडून पुन्हा जोडायचा. त्याने कॉम्प्युटरचा पत्ता बदलतो, कंपनीला वाटतं नवा माणूस आला. मोठ्या कंपन्या असल्या गोष्टी लगेच हेरतात, पण ही छोटी होती. तिलाही जाहिरातवाल्याला गिऱ्हाईक दाखवायचंच होतं. ती फार विचारत नसे.

"फक्त मशीनवानी नोका करू," देवानंद बजावायचा. "मानसावानी करा. समजा तुमी नागपूरचे साहेब हाय, पोरीचं लगन हाय. वाचा, थांबा, डोकं खाजवा, मंग दाबा."

"साहेबाले मिशी हाय का, दादा?" दामिनीने विचारलं.

दामिनीला ते जमायचं. "व्याज लय हाय बाप्पा," म्हणून ती उसासा टाकायची, पान खालीवर करायची, कधी अकरा क्लिक करून पाणी प्यायला उठायची. गोकुळाबाई साहेब झालीच नाही. ती पडद्याकडे बघायची पण वाचायची नाही. बोट चालत राहायचं, टक, टक, टक, मग हात माउसवरून उठून मांडीवर यायचा, क्षणभर काहीतरी आवळल्यासारखा व्हायचा आणि परत जायचा. खोलीत पंखा होता. पाठीमागे भिंत होती. तिला तेवढं पुरत होतं.

एप्रिलच्या अखेरीस देवानंद एक कागद छापून घेऊन आला आणि स्टुलावर बसला.

"खातं बंद केलं कंपनीनं. जाहिरातवाला बोंबलला. म्हने, हजारो लोक येऊन राह्यले अन् कर्जाचा फारम एकाचाबी नाई. मंग कंपनीनं हिशेब काहाडला." त्याने कागदावर बोट ठेवलं. "म्हनते, तुमच्याकडचे लोक सत्तर-सत्तरच्या गठ्ठ्यानं येते. सत्तर झाले का थांबते. परत सत्तर. पाच मयने! काऊन, बाई? सत्तरच काऊन?"

गोकुळाबाईने त्याच्याकडे पाहिलं.

"पुडा सत्तरचाच असते, भाऊ."

दामिनीला हसू फुटलं आणि मधेच विझलं. देवानंद कागदाची घडी घालत बसला. मग म्हणाला, "तुमाले मी म्हनलं होतं, मानसावानी करा."

"हो. म्हनलं होतं."

तिने चप्पल घातली. दारात थांबून विचारलं, "दुसरं काई बसून करायचं काम हाय का?"

"नाई, बाई."

तेंदूचा हंगाम आठ दिवसांवर आला होता. तिने पानं बांधायचा दुपट्टा काढून धुतला.

पहिल्या दिवशी पहाटे वीसेक बाया एकमेकींना हाका घालत जंगलात शिरल्या. खोली बंद झाल्यामुळे दामिनीही होती. ती दोन ओंजळी पानं तोडून पुढे गेली तरी गोकुळाबाई मागेच. सात पानं तोडून ती थांबली, मागे वळून पाहिलं. मग तीन. पुन्हा थांबली, मान वर करून उभी राहिली. मग अकरा.

"काऊन थांबून राह्यल्या व, गोकुळाबाई?" दामिनी ओरडली. "किती झाले?"

"मोजले नाई."

"तुमी? अन् मोजले नाई?"

गोकुळाबाईने एक पान तोडलं, हातात धरलं, झुडपामागे बघत राहिली.

"मानसावानी करून राह्यली," ती म्हणाली.