उजवीकडे न वळणारी गाडी

गेमच्या धंद्यातले लोक त्याला पाठीमागे ‘खडूस’ म्हणायचे आणि तोंडावर ‘सर’. त्याला दोन्ही माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर पहिलं नाव त्याला जास्त आवडायचं. तेवीस वर्षं तो एकाच मासिकात व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहीत होता. लेखाच्या शेवटी दहापैकी गुण. इतर परीक्षक सात-आठ गुण खिरापतीसारखे वाटायचे. खडूसच्या हातून सहा सुटले तरी गेम बनवणारे एकमेकांना पेढे द्यायचे बाकी ठेवत.

कष्टाला मात्र माणूस चुकार नव्हता, हे त्याच्या शत्रूंनीही कबूल केलं असतं. घरातल्या मागच्या खोलीत एक लाकडी खुर्ची, समोर टीव्ही, मांडीवर वही. गाड्यांच्या शर्यतीचा गेम असला की प्रत्येक ट्रॅक तो तीनदा चालवायचा: एकदा जिंकायला, एकदा हरायला, आणि एकदा नुसतं इकडंतिकडं बघायला. हरल्यावर गेम आपल्याशी कसा वागतो त्यावरून त्याचं खानदान कळतं, असं त्याचं म्हणणं. आणि एक नियम होता. दिलेला गुण बदलायचा नाही. बदलायचाच झाला, तर गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा खेळायचा आणि मगच पेन उचलायचं. तेवीस वर्षांत अशी वेळ दोनदाच आली होती, आणि दोन्ही वेळा त्याचा पहिलाच गुण बरोबर ठरला होता. त्याबद्दल त्याला केवढा अभिमान! चारचौघांत विषय नसतानाही काढायचा.

तर त्या वर्षी खवल्याचा गेम आला. खवल्या म्हणजे लाल हेल्मेट घातलेलं एक खवलेमांजर. जुन्या गेममध्ये ते बिचारं उड्या मारायचं, लोकांना आवडायचं. मग कंपनीनं तेच केलं जे सगळ्या कंपन्या करतात. पुढं काय करावं सुचेना म्हणून प्राण्याला छोट्या गाडीत बसवलं आणि शर्यतीला सोडलं. चोवीस ट्रॅक, बारा गाड्या, फेकायला फुगे आणि चिखलाचे गोळे.

खडूसनं नेहमीप्रमाणे सगळं खेळून लेख लिहिला. रंगांचं कौतुक केलं, संगीताची थोडी टिंगल केली, आणि मग घाव घातला: ‘ही गाडी डावीकडे आनंदानं वळते. उजवीकडे वळायचं म्हटलं की आधी तिच्याकडे अर्ज करावा लागतो. शर्यतीच्या गेममध्ये गाडी वळवण्याचं काम कुणाकडे दिलं होतं ते माहीत नाही, पण त्या व्यक्तीचं लक्ष तिथं नव्हतं हे नक्की.’ आणि खाली गुण, चार.

बाकीच्या सगळ्यांनी आठच्या पुढे दिले होते. एकानंही वळणाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. दुसरा कुणी असता तर थबकला असता. आमचे साहेब खूश! “सगळे झोपलेत,” तो बायकोला म्हणाला. “एकाच्याही लक्षात आलं नाही.” बायको पोस्टात खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांची वाईट अक्षरं वाचून तिला माणसं बरी वाचता यायची. ती म्हणाली, “सगळेच कसे झोपतील हो?”

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी, त्याला एक पत्र आलं, संगणकावर. लिहिणारी त्या कंपनीत होती. गाडी किती जड वाटावी, कशी घसरावी, किती पटकन वळावी, ते सगळं तिच्या हातचं. कंपनीत तिला ‘गाडीवाली’ म्हणत.

‘सर, नमस्कार. शाळेत असल्यापासून तुमचं वाचते. चार गुण मिळाल्यावर आम्ही दोन आठवडे वळणं तपासली, काही सापडलं नाही. मग परीक्षणाबरोबर तुम्ही मासिकाला देता ते तुमच्या खेळाचं रेकॉर्डिंग मागवलं. त्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका हलतो, तो म्हणजे गाडी वळवणारा तुमचा डावा अंगठा. डाव्या वळणावर तो वेळेवर जातो. उजव्या वळणावर दरवेळी चार दशांश सेकंद उशिरा निघतो. तो निघाला की गाडी त्याच क्षणी वळते. मी बहात्तर शर्यती मोजल्या. सर, राग मानू नका. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. डॉक्टरांना दाखवा. इथं शुक्रवारी दुपारी बैठक आहे, मला ठेवायचं की काढायचं त्याची. मालकांनी तुमचा लेख भिंतीवर लावलाय. तुम्हाला योग्य वाटलं तर दोन ओळी लिहा. नाही लिहिल्या तरी डॉक्टरांकडे मात्र नक्की जा.’

वाचून त्याचा असा भडका उडाला की विचारू नका. “ही कोण टिकोजीराव लागून गेली? गेम हिचा बिघडलेला आणि औषध मला सांगते!” त्यानं कपाटातले गेम खेळायचे तिन्ही कंट्रोलर काढले. एकेक लावून पाहिला. तिन्हीवर गाडी उजव्या वळणावर उशिरा वळली आणि कठड्याला घासत गेली. म्हणजे बघा, कंट्रोलरचा दोष नाही, गेमचाच! त्याला हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही.

संध्याकाळी बायको कामावरून आली तेव्हा तो म्हणाला, “जरा बस इथं. ही गाडी चालव.”

“मी? माझ्या बापजन्मात मी असलं काही धरलं नाही.”

“म्हणूनच. धर.”

ती खुर्चीत बसली, कंट्रोलर आधी उलटा धरला, मग सुलटा. पहिल्या सरळ रस्त्यावर दोनदा झाडाला धडकली. मग उजवं वळण आलं, तिनं अंगठा ढकलला आणि खवल्या गर्रकन वळला. “अहो, वळतेय की ही!” ती हरखून म्हणाली. “किती छान वळते!” पुढच्याही उजव्या वळणावर वळली. त्याच्या पुढच्याही. मग तिनं मागं वळून नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि कंट्रोलर हळूच खाली ठेवला.

त्यानं तिला पत्र दाखवलं. तिनं सावकाश वाचलं, दोनदा.

“लिहिता लिहिता डाव्या हातात धरायचात तो चहाचा कप सहा महिने उजव्या हातात धरताय,” ती म्हणाली. “शर्टाचं वरचं बटण मला लावायला सांगताय. मला वाटलं, लाडात आलेत.”

त्यालाही ते ठाऊक होतं. उजव्या बाहीची गुंडी डाव्या हातानं लावायला वेळ लागतो, चालताना तो हात झुलत नाही. वय झालं, खुर्ची खराब, पंख्याचा वारा लागतो. कारणांना काय तोटा? स्वतःला मात्र चारच गुण द्यायला हवे होते, ते त्यानं दिले नव्हते.

“मग लिहा दोन ओळी,” बायको म्हणाली.

“नियम आहे. गुण बदलायचा तर सगळं पुन्हा खेळायला हवं.”

“नियम कुणी केला?”

“मी.”

“मग?”

“मग काय मग! तेवीस वर्षं पाळलाय. आज एका पत्रावरून मोडला तर उद्या कुणीही पत्र पाठवेल.” हे तो असा ठासून बोलला की त्याचं त्यालाच खरं वाटलं. आणि मंगळवारी सकाळी आंघोळ करून, वही मांडीवर घेऊन, तो पहिल्या ट्रॅकवर जाऊन बसला.

चोवीस ट्रॅक, प्रत्येकी तीनदा. बहात्तर शर्यती. पूर्वी असलं काम तो दोन दिवसांत उरकायचा. आता तासाभरात अंगठा लाकडासारखा व्हायचा, मग तो गरम पाण्यात बुडवून बसायचं. मंगळवारी बारा शर्यती झाल्या. बुधवारी पंचवीसपर्यंत पोचला. आता कोपऱ्यातला ठिपका सुरू ठेवला होता आणि तो डोळ्यांनी बघत होता: वळण येतंय, मनानं अंगठा ढकलला, ठिपका जागच्या जागी. ठिपका जागच्या जागी. मग निघाला. गाडी बिचारी लगेच वळली. तिनं तरी काय करावं? असं प्रत्येक वळणाला. पहिल्याच शर्यतीत कळलं होतं की बाई खरं बोलतेय. उरलेल्या एकाहत्तर कशासाठी होत्या, ते त्यानं स्वतःला विचारलं नाही.

गुरुवारी दुपारी बायको सुट्टी टाकून घरी आली आणि टीव्हीच्या समोर उभी राहिली.

“बाजूला हो. अडतिसावी चालू आहे.”

“उद्या त्या पोरीची बैठक आहे.”

“मला माहीत आहे.”

“माहीत आहे, आणि तुम्ही गाड्या गाड्या खेळताय?”

तेव्हा त्याचा बांध फुटला. “अगं, हे लिहिलं की मी संपलो! ज्याचा अंगठा चालत नाही त्याला गेम तपासायला कोण देईल? दुसरं मला काय येतं? पोस्टात तिकिटं चिकटवू?” आणि लगेच खजील झाला, कारण ती तेच काम करून त्याचं घर चालवायला हातभार लावत आली होती. ती टीव्हीसमोरून बाजूला झाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं.

शुक्रवारी दुपारी तो एकावन्नाव्या शर्यतीत होता. बहात्तरावी संपली रविवारी सकाळी. तिथंच बसून त्यानं लेख लिहिला, आणि लिहिला तोही आपल्या नेहमीच्या धारेनं, फक्त पातं स्वतःकडे करून: ‘दोष गाडीत नव्हता. दोष माझ्या डाव्या अंगठ्यात होता, आणि तो मान्य करायला लागलेल्या वेळात होता. ज्या व्यक्तीचं लक्ष नव्हतं असं मी लिहिलं, तिच्याइतकं लक्ष देऊन आजवर माझं काम कुणी पाहिलेलं नाही.’ गुण, आठ. सोमवारी लेख मासिकाच्या संकेतस्थळावर आला.

संपादकांचा फोन आला. “सर, काय लिहिलंय! डोळ्यांत पाणी आलं.” मग ते म्हणाले, “आता तुम्ही जरा विश्रांती घ्या. पुढच्या महिन्याचे गेम मी दुसऱ्या कुणाला देतो.” म्हणजे ज्याला भिऊन तो सहा दिवस त्या खुर्चीत बसला होता, ते एका फोनमध्ये, अगदी गोड आवाजात होऊन गेलं.

त्याच दिवशी त्यानं गाडीवालीला पत्र लिहिलं. चार वेळा खोडून लिहिलं. पाठवल्यावर पाच मिनिटांत उत्तर आलं, पण ते यंत्राचं होतं: ही व्यक्ती आता इथं काम करत नाही. कंपनीत फोन केला. फोनवरच्या मुलीनं सांगितलं, शुक्रवारीच गेल्या त्या. तुमचा लेख आम्ही वाचला सर, सगळ्यांना खूप आवडला. त्यांचा नंबर देता येत नाही.

बुधवारी डॉक्टरांनी त्याला अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटायला सांगितली. उजवा हात टपटप चालला. डावा पाच-सहा वेळा आपटला आणि मंदावत गेला. “कंपवात,” डॉक्टर म्हणाले. तो म्हणाला, “पण हात कापत नाही माझा.” डॉक्टर म्हणाले, “कित्येकांचा सुरुवातीला नाही कापत. तुम्ही लवकर आलात. कुणी सांगितलं?” बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. “एका ओळखीच्या बाईंनी,” ती म्हणाली.

दोनएक आठवड्यांनी खवल्याच्या गेममध्ये सुधारणा आल्या. सवयीनं त्यानं त्या उतरवून घेतल्या. परीक्षण लिहायचं नव्हतं, पण सकाळी दहा वाजता त्या खुर्चीत बसायचं नाही तर कुठं बसायचं? यादीत किरकोळ गोष्टी होत्या. एका फुग्याचा रंग, एका गाण्याचा आवाज. सगळ्यात खाली एक नवी सोय होती: ‘वळणावर वाट पाहा. ज्यांचा अंगठा उशिरा पोचतो त्यांच्यासाठी. उजवं आणि डावं वेगळं लावता येईल.’ त्यानं ती उघडली. डावीकडे शून्य भरलेलं होतं. उजवीकडे आधीपासूनच एक आकडा भरलेला होता, चार दशांश सेकंद. आणि बाजूला बारीक अक्षरात, काम कधी पूर्ण झालं त्याची तारीख, त्याच गुरुवारची. बैठकीच्या आदल्या दिवसाची.

गुरुवारी तो अडतिसाव्या शर्यतीत होता.

बायको कामावर निघाली होती. पायांत चपला सरकवताना तिला टीव्हीचा आवाज ऐकू आला म्हणून ती दारात थांबली. पडद्यावर उजवं वळण जवळ येत होतं. तिनं सवयीनं डोळे बारीक केले, आता कठड्याला घासणार म्हणून. खवल्याची गाडी वळणाच्या तोंडाशी जराशी मंदावली. कोपऱ्यातला ठिपका जागच्या जागी होता. मग तो निघाला, आणि त्याच्याबरोबर गाडी अलगद वळली.

“वळली की!” ती म्हणाली.

त्यानं कंट्रोलर मांडीवर ठेवला. बाकीच्या अकरा गाड्या एकेक करून खवल्याच्या पुढे निघून गेल्या.

“दोनच ओळी लिहायच्या होत्या गं,” तो म्हणाला.