राहून दाखवलेली घरं

आम्ही तांडा सोडून घाटंजीत राहायला आलो ते एकोणसाठ साली. लेकरांना शाळा जवळ व्हावी म्हणून माझ्या बापानं, धावजीनं, कापसाच्या जिनाच्या मागच्या गल्लीतलं कवेलूचं, म्हणजे कौलांचं, घर घेतलं. ते परवडलं, कारण त्या घरात पटकीनं एका मास्तरांचं सगळं कुटुंब गेलं होतं आणि त्यानंतर चार वर्षं दाराला कुलूप होतं. आम्हाला ते विकलं डोमाजी मिस्त्री आणि त्याची बायको तुळसाबाई यांनी.

डोमाजी भिंती रचायचा, तुळसाबाई मातीचा गारा तुडवून टोपली डोक्यावरून द्यायची. सत्तावन साली त्यांच्या वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला. दोघांनी घरातले देव वाघाडी नदीत सोडले. त्याच उन्हाळ्यात मास्तरांचा पुतण्या डोमाजीला म्हणाला, "ते घर मले डोयासमोर नको. देशील ते दे." तुळसाबाईनं हातातले चांदीचे गोट काढून नवऱ्यापुढे ठेवले.

ती तेव्हा पोटुशी होती. वस्तीतल्या बाया म्हणाल्या, "पोटात लेकरू घेऊन तिथं मराले जातं काय?"

"भूत असतं नं बाई," ती म्हणाली, "तं ज्याईनं आमच्या मानसाईचा जीव घेतला त्याईले पयले धरलं असतं."

दोघांनी फुटके कवेलू बदलले, वाळवी लागलेली चौकट काढली, भिंती पांढऱ्या मातीनं सारवल्या. आणि मग ते तिथं राहिले. खरं काम तेच होतं. नव्या भिंती पाहून कोणी घर घेणार नव्हतं. आत माणसं झोपतात, उठतात, चूल पेटते, हे गावाला रोज दिसायला हवं होतं. त्याच घरात तिला मुलगी झाली. नाव ठेवलं गौतमी. पोर रांगायला लागली, भिंतीला धरून उभी राहिली, तशी गल्लीतल्या लोकांची भीती ओसरली.

आम्ही घर पाहायला गेलो तेव्हा माझ्या याडीनं, म्हणजे आईनं, एवढंच विचारलं, "काही दिसलं काय इथं?"

"दिसलं नं," तुळसाबाई हसली. "छपरात उंदरं दिसले."

राहायला आलो त्या दिवशी याडीनं सगळ्या घरात गोमूत्र शिंपडलं. मेलेल्यांसाठी नव्हे, डोमाजीच्या जातीचे लोक राहून गेले म्हणून. तुळसाबाई किल्ली द्यायला आली होती. ती दाराबाहेर उभी राहून पाहत होती. तिनंच सारवलेल्या भिंतींवर ते थेंब पडत होते. माझा बाप खाली पाहत राहिला. तिनं किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि पोरीला कडेवर घेऊन निघून गेली. मी दहा वर्षांची होते. त्या दिवशी मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

दुसरं घर त्यांनी घेतलं त्यात एका माणसानं फाशी घेतली होती. डोमाजीनं छपराचं ते आढं, ज्याला फास होता ते, बदलायचं म्हटलं. तुळसाबाई म्हणाली, लाकूड चांगलं सागाचं आहे, कायले बदलाचं? त्याच आढ्याला तिनं पोरीचा पाळणा बांधला. येणारे-जाणारे दारातून ते बघत. दीड वर्षानं तेही घर विकलं गेलं. डोमाजी बाजारात ताठ चालू लागला. लोक त्याला बोलावून म्हणायचे, "आमचंही एक घर पडून आहे." घर कुठं मनासारखं व्हायचं आणि तुळसाबाईला चूल हलवावी लागायची. तिला ते आवडत नसे. पण अजून दोन घरं झाली की स्वतःचं एक न विकायचं बांधू, असं तिनं नवऱ्याकडून वदवून घेतलं होतं.

तिसरं घर घेतलं ते रामधन किराणेवाल्याचं. त्याची दोन लेकरं आणि मेहुणी तीन पावसाळ्यांत तापानं गेली. घराला नजर लागली म्हणून तो बाजारात दुकानामागे राहायला गेला होता. घर मोठं होतं, अंगणात विहीर होती. बायांना नदीवर जावं लागणार नाही म्हणून विहिरीचं घर चटकन विकलं जातं. डोमाजीनं विहिरीतला गाळ काढला, कठडा बांधला. पाणी गार आणि गोड निघालं.

बासष्टच्या भाद्रपदात गौतमीला ताप आला. उतरेना. अठराव्या दिवशी पोर गेली. चार वर्षांची होती.

आरोग्य खात्याचा माणूस आला. त्यानं विहिरीत लाल औषध टाकलं, मग भिंतीपलीकडे जाऊन पाहिलं. पंधरा हातांवर चाळीच्या संडासाचा खड्डा होता. तो म्हणाला, "मुदतीचा ताप, टायफॉईड होता. ह्या पाण्यानंच आला. आधीची माणसंही यानंच गेली असतील."

भूत नाही एवढं डोमाजीनं सगळ्या गावाला दाखवून दिलं होतं. मग ती माणसं मेली कशानं, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

दोघांनी मिळून विहीर बुजवली. त्याला आठ दिवस लागले. नंतर राळेगावकडून बदलून आलेला गोविंदा नावाचा कारकून बायकोला घेऊन घर पाहायला आला. आदल्या रात्री नवरा-बायकोचं भांडण झालं होतं. डोमाजीचं म्हणणं, "विहीर बुजली, आता घर चांगलं आहे. मंग सांगाचं काहून?" ती म्हणाली, "इच्यारलं तं सांगन."

कारकुनाच्या बायकोनं, हंसाबाईनं, विचारलंच.

"माही पोरगी गेली इथं," तुळसाबाई म्हणाली. "विहिरीच्या पान्यानं गेली. विहीर बुजवली आमी. आता काही भेव नाई."

हंसाबाईच्या कानात 'पोरगी गेली' एवढंच शिरलं. ती नवऱ्याची बाही धरून बाहेर पडली. आठवड्यात गावभर झालं, की भुताला हसले, भुतानं पोर नेली. माझी याडीसुद्धा तेच म्हणायची. पाण्याचं कोणाला पटलं नाही.

तीन वर्षं घर विकलं गेलं नाही. डोमाजी वणीकडे खाणीच्या बांधकामावर गेला. आधी महिन्याला यायचा, पुढे येईनासा झाला. तुळसाबाई जिनात सरकी उचलायला लागली. पासष्ट साली तिनं ते घर मोडायला काढलं. तेव्हा गंमत झाली. ज्या घरात कोणी पाय ठेवत नव्हतं, त्याचं सागवान लोकांनी भांडून नेलं. कवेलू एका दिवसात संपले. दाराची जोडी तर रामधननं स्वतः येऊन नेली, दुकानाला लावायला.

जागा मोकळी झाली. जिनवाल्यानं ती सरकीची पोती ठेवायला भाड्यानं घेतली. दर महिन्याला तुळसाबाई तिथंच भाडं न्यायला यायची. मुनीम म्हणायचा, "बाई, आत पोत्यांच्या सावलीत बसा." ती त्या जागेत पाय न ठेवता रस्त्यावर उन्हातच उभी राहायची, पदरात पैसे बांधायची आणि जायची.