पाण्यातलं ढेकूळ

आधीच सांगते, माझं अक्षर वळणदार नाही आणि ऱ्हस्व-दीर्घही चुकेल. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहिते आहे. कुणाच्या हाती पडलं तर सांभाळून घ्यावं.

भासऱ्यांना जाऊन महिना झाला. भासरे म्हणजे माझ्या यजमानांचे थोरले भाऊ. त्या सकाळी मी चूल पेटवत होते. जाऊबाई दारात आल्या, तिथेच खाली बसल्या, आणि मी हातातली काडी विझवली... एकोणीस वर्षं आम्ही एका अंगणात राहिलो, पण भासऱ्यांशी मी एक शब्दही बोलले नव्हते. आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्यांसमोर येत नाही, बोलत नाही. त्यांना मला काही सांगायचं असलं की ते गोठ्यात जाऊन बैलाला सांगत आणि मी भिंतीआडून ऐकत असे. जाऊबाई चिडवायच्या, "बैलाशी बोलता तेवढं माह्याशी कधी बोलान?" ते म्हणत, "तो मधात बोलत नाई."

यजमान गेले तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. भातकुलीच्या वाटेवरचं माझ्या वाट्याचं शेत भासरेच कसू लागले; पीक माझ्या घरात येई. कापूस वेचून झाला की उपटलेल्या पऱ्हाट्या घरातल्या बाईच्या, अशी आमच्याकडची रीत. वर्षभराची चूल त्यांच्यावरच चाले. जमीन काळी, पण मोठी चिवट. पाऊस पडला की नुसता चिकट गाळ, आणि सुकली की हात जाईल एवढ्या भेगा.

एका उन्हाळ्यात ते अकोल्याला जाऊबाईंच्या माहेरी गेले आणि तिथल्या सरकारी शेतावर काही पाहून आले. आल्या आल्या बैलाला म्हणाले, "चांद्या, सांग तिले, यंदा पऱ्हाटी जाळाले नाई भेटत. तोडून वावरात गाडतो. जमिनीचं जमिनीले." त्या वर्षी गोवऱ्या थापून आणि काटक्या वेचून भाकरी भाजल्या. आणि श्रावणात माझी जवारी पिवळी पडली. आजूबाजूची रानं हिरवीगार, आणि माझं तेवढं हळद लागल्यासारखं. बांधावर थांबून लोक भासऱ्यांना विचारत, "काहो, वावराचं लगन काढलं का?" कणसं बोटभर आली. मुलीचं आणि माझं वर्षाचं खाणं गेलं.

भासऱ्यांनी आपल्या जवारीतून दोन पोती माझ्या दारात आणून ठेवली. मी जाऊबाईंच्या तोंडी निरोप धाडला, "माझ्या वावरात आता काही गाडू नका." त्यांना 'नाही' म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ.

ते पुन्हा अकोल्याला जाऊन विचारून आले. "चूक माही हाये रे चांद्या," ते गोठ्यात म्हणाले. "कच्ची पऱ्हाटी कुजता कुजता जमिनीतलं नत्र खुदच खाते, पिकाले उरत नाई. आधी शेणामुतात कुजवाले पायजे होती." नत्र हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पिकाचं ते अन्न असतं, एवढं कळलं. तरी माझं 'नाही' मी मागे घेतलं नाही. माझ्या शेतात त्यांनी पुन्हा काही गाडलं नाही. दोन वर्षं स्वतःच्या रानाच्या एका कोपऱ्यात खड्डा करून पऱ्हाट्या कुजवल्या आणि तिथेच मातीत घातल्या.

मग एके सकाळी माझ्या उंबऱ्यावर जर्मन धातूच्या दोन वाट्या दिसल्या. दोन्हींत पाणी, दोन्हींत एकेक सुकं ढेकूळ. एक माझ्या डोळ्यांदेखत फुटलं आणि विरघळून गाळ झालं. दुसऱ्यातून थोडे बुडबुडे आले आणि ते तसंच उभं राहिलं, वरचं पाणी स्वच्छ. भिंतीपलीकडून आवाज आला, "चांद्या, गाळ झाला ते तिचं वावर. उभं हाये तो माहा कोपरा. जबरदस्ती नाई, पाहून घे म्हणा..."

मी दिवसभर वाट्या हलवल्या नाहीत. संध्याकाळी माझ्या पऱ्हाट्यांतल्या अर्ध्या चुलीसाठी ठेवल्या आणि अर्ध्यांचे भारे त्यांच्या खड्ड्यापाशी नेऊन टाकले. सकाळी ते बैलाला म्हणाले, "अर्ध्या बी पुरतात."

त्यानंतर दर वर्षी तसंच चाललं. हळूहळू भेगा कमी झाल्या, नांगर हलका चालू लागला, पंधरा दिवस पावसानं दडी मारली तरी माझं रान माना टाकेना. जवारी साधली त्या पहिल्याच वर्षी मी दोन पोती त्यांच्या ओट्यावर ठेवून आले. त्यांनी ती मुकाट्यानं घरात घेतली, याचं मला फार बरं वाटलं. लढाईच्या दिवसांत रॉकेल, कापड, सगळ्याचीच टंचाई झाली, पण आमच्या भाकरीला तूट आली नाही. हे त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं.

काल शेतातून एक ढेकूळ आणलं आणि त्यांच्याच वाटीत, पाण्यात ठेवलं. दिवस कलला तरी ते उभंच होतं. मग मी गोठ्यात गेले. पहिला चांद्या कधीच गेला. आताच्या बैलालाही ते चांद्याच म्हणत. मी सवयीनं पदर पुढे ओढला.

"चांद्या," मी म्हटलं, "सांग त्याईले, ढेकूळ अजून उभं हाये. आमी पोटभर जेवून राहिलो..."

भिंतीपलीकडून जाऊबाईंचा आवाज आला, "तो सांगते त्याईले."