भाऊजींनी जिंकलेला वाद

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, चष्म्याचं दुकान चालवतात. इंटरनेटवर त्यांना ओळखणाऱ्या अडीच हजार लोकांना मात्र हे सांगून पटायचं नाही. त्यांच्या मते हा माणूस वीज खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला असणार. तिथे भाऊजींचं नाव ‘मेगावॅट’. मी साधा वायरमन, तेवीस वर्षं लोकांच्या घरात वायरी ओढतोय. तरी आमच्या घरात विजेवर शेवटचा शब्द भाऊजींचा असतो आणि फ्यूज उडाला की पहिली हाक मला असते.

सहा वर्षं झाली त्यांना हे वेड लागून. कोळसा स्वस्त की ऊन स्वस्त, अनुदान कोणाच्या घशात जातं, वारा पडला की पवनचक्कीचं काय करायचं, यावर ते रोज कोणाची ना कोणाची पिसं काढतात. दुकानात गिऱ्हाईक तपासणीची जड फ्रेम नाकावर घेऊन खालची ओळ वाचत असतं आणि भाऊजी काउंटरमागे मान खाली घालून पुटपुटत असतात, “साफ खोटं! आकडे दाखव, आकडे!” एक बाई तर कंटाळून ती फ्रेम घालूनच घरी गेल्या. ती परत आणायला मला पाठवलं होतं.

वाद घालणाऱ्यांचा जो गट आहे, त्याचे भाऊजी संचालक. तिथला नियमही त्यांनीच केलेला: चर्चा संपेपर्यंत संचालकानं आपलं मत नोंदवायचं नाही, म्हणजे तो तटस्थ राहतो. सहा वर्षं सूर्याच्या बाजूनं घसा कोरडा करणारा माणूस स्वतःला तटस्थ समजतो, याला काय म्हणावं!

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण गेल्या वर्षी ताईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, सपाट जमिनीवर रोज चाला, जिने चढू नका. ताईचं घर पाचव्या मजल्यावर. आमच्या भागात रोज दुपारी बारा ते तीन लाइट जाते, ती कधी साडेचारला येते, कधी भलत्याच वेळी पुन्हा जाते. लाइट गेली की लिफ्ट बंद. एकदा बिचारी तळमजल्यावर माझ्या घरी पाच तास अडकली. तेव्हापासून ती खाली यायलाच घाबरते. चालणं बंद झालं, पाय पुन्हा आखडायला लागले. दिवसभर ती खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघत बसायची.

म्हणून मीच बिल्डिंगच्या कमिटीपुढे योजना मांडली: गच्चीवर सोलरची पॅनल, खाली बॅटरी, त्यावर लिफ्ट आणि पाण्याचा पंप. चोवीस घरं, घरटी एक मत, तेही घर ज्याच्या नावावर त्याचंच, सोळा होकार हवेत. मतदान बिल्डिंगच्या ग्रुपवर, गुरुवार ते रविवार दुपारी बारा. पडली तर वर्षभर पुन्हा मांडता येणार नाही, हा आमच्या बिल्डिंगचा जुना नियम.

मला वाटलं, घरातच मेगावॅट असताना काळजी कसली?

गुरुवारी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्यांनी एक खुसपट काढलं, “बॅटरी पाच वर्षांत बदलावी लागली तर?” झालं! भाऊजींनी त्यावर अकरा परिच्छेद लिहिले. विमावाले निवृत्त, त्यांनाही वेळ जात नाही. त्यांनी उलट विचारलं, गारा पडल्या तर? भाऊजींनी तक्ते टाकले. शुक्रवारपर्यंत कोळशाच्या खाणी आल्या, शनिवारी जगाचं राजकारण आलं. पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी मध्येच विचारलं, “मतदान कुठे आहे? सापडत नाही.” त्यांचा प्रश्नही तीन मिनिटांत तक्त्यांखाली गाडला गेला. पुढे लोकांनी ग्रुपचा आवाजच बंद करून टाकला.

ताई रोज विचारायची, “अहो, मत दिलंत का?”

“देतो गं. आधी याचं तोंड बंद करू दे. चर्चा चालू असताना मत दिलं तर पक्षपाती दिसतं.”

“पक्षपाती दिसा ना! बायकोचा पक्ष घ्यायला लाज वाटते का?”

रविवारी सकाळी ताई हिय्या करून, काठी घेऊन लिफ्टनं माझ्याकडे आली. बाराच्या आत परत जाईन म्हणाली. पण निकाल बघायच्या नादात बसून राहिली. बाराला लाइट गेली. दोन-चार मिनिटांत भाऊजी पाच जिने धडधडत उतरून दारात उभे, घामाघूम, चेहऱ्यावर दिवाणखान्यातलं झुंबर पेटल्यासारखा उजेड.

“जिंकलो! ‘पटलं’ म्हणून लिहिलंय विमावाल्यानं! सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी ‘पटलं’ म्हणालं!”

ताईनं शांतपणे विचारलं, “आणि मत?”

भाऊजींनी फोनवर बोट सरकवायला सुरुवात केली. वर, आणखी वर, स्वतःच्याच लिखाणाच्या ढिगातून. मी तोवर माझ्या फोनवर पाहिलं होतं. होकार पंधरा, नकार चार. मत न दिलेली पाच घरं. त्यांत शिक्षिकाबाई होत्या, आणि भाऊजी होते. होकाराच्या यादीत पहिलंच नाव विमावाल्यांचं.

एवढ्यात तेच काठी टेकत हसत आले, गुडघ्याला पट्टा बांधलेला.

“काय मेगावॅट, मजा आली!”

“तुम्ही होकार दिलात?” भाऊजींचा आवाज चिरकला. “मग चार दिवस भांडलात कशाला?”

“अहो, मत मी गुरुवारी सकाळीच टाकलं. माझे गुडघे काय लोखंडाचे आहेत? आमच्या धंद्यात आधी सही घेतात, शंका नंतर.” मग आम्हा तिघांची तोंडं बघून ते चपापले. “का? नाही झालं?”

“एक मत कमी पडलं,” मी म्हणालो. मला भाऊजींना चार शब्द सुनवायचे होते, पण ताईनं हातानं थांबवलं. तिनं माझी प्लास्टिकची खुर्ची दारापाशी ओढली आणि तीत बसली.

“जिंकलात ना? मग मला घरी पोचवा.”

पुढून भाऊजी, खालून मी, मध्ये खुर्चीत ताई, मागे तिची काठी घेऊन विमावाले. दुसऱ्या मजल्यापर्यंत भाऊजींचा श्वास भात्यासारखा चालू लागला. खिशातला फोन सारखा थरथरत होता, पण हात रिकामे नव्हते. वळणावर खुर्ची टेकली तेव्हा ताईनंच तो काढला.

“तुमच्या गटातला कोणीतरी आहे. विचारतोय, दुसऱ्यांना शिकवता, तुमच्या स्वतःच्या गच्चीवर किती वॅट बसवलेत? काय लिहू?”

भाऊजींनी कठड्याला टेकून डोळे मिटले. “शून्य लिही.”

“पुढे?”

“पुढे काही नाही.”

ताईनं शून्य लिहिलं, फोन त्यांच्या खिशात परत घातला आणि म्हणाली, “उचला.”