पोशाख सुखरूप होते

माझ्या मोठ्या वहिनी सरकारी इस्पितळात सिस्टर. घरात कुणाच्या अध्यात ना मध्यात. रक्तातून, उलटीतून लागण होणाऱ्या तापाची साथ आली, तेव्हा त्यांची नेमणूक त्याच वॉर्डात झाली.

कर्मचाऱ्यांच्या जिवाची इस्पितळाला भारी काळजी. डोक्यापासून पायापर्यंत झाकणारे पोशाख, जाड हातमोजे, सगळं वेळेवर आलं होतं. ते मळू नये म्हणून अधीक्षकांनी कपाटात घालून कुलूप लावलं. "पाहणीला पथक येणार आहे. तेव्हा सगळं नवंकोरं दिसलं पाहिजे." तोवर पातळ मास्क, जुने हातमोजे आणि मनोबल यांवर भागवायचं होतं. मनोबलाचा तुटवडा मुळीच नव्हता; अधीक्षक ते रोज लाउडस्पीकरवरून वाटायचे, वॉर्डापासून शक्य तितक्या लांब बसून.

मग सफाईवाल्या मावशींनी एका रुग्णाची उलटी पुसली. हातमोजा फाटका निघाला. आठवड्याभरात मावशींसाठी त्याच वॉर्डात खाट टाकावी लागली. अधीक्षकांनी तत्परतेने पुष्पगुच्छ पाठवला.

वहिनी तो घेऊन थेट त्यांच्या खोलीत गेल्या. "साहेब, हा अंगात कसा घालायचा तेवढं दाखवा."

"सिस्टर, कपाट उघडायला वरून मंजुरी लागते."

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि ऑक्सिजन सिलिंडरचा पाना आणून त्यांनी कुलूप फोडलं. मग वॉर्डातल्या प्रत्येकीला पोशाख चढवायला शिकवलं आणि, खरी मेख तिथेच असते म्हणून, उतरवायलाही. एकीने उतरवायचा, हात चेहऱ्याला लागत नाही ना हे दुसरीने डोळ्यांत तेल घालून बघायचं.

पथक आलं. कर्मचारी पोशाखात बघून त्यांनी अधीक्षकांच्या दूरदृष्टीची वाहवा केली. अधीक्षकांनी ती मोठ्या विनयाने स्वीकारली. वहिनींच्या वाट्याला कारणे दाखवा नोटीस आली.

"काय उत्तर देणार?" दादाने विचारलं.

"कारण खाटेवर पडलंय. येऊन बघा म्हणावं."

बघायला कोणी आलं नाही. कर्मचाऱ्यांतलं दुसरं कुणी आजारीही पडलं नाही; त्याची नोटीस मात्र निघाली नाही.

मावशी वाचल्या. चार पावलं चालल्या की धाप लागते, पण वाचल्या. त्यांना फाटकापर्यंत सोडून वहिनी परतल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडल्या. हात मांडीवरच होते. सवयीने चेहऱ्याला लावले नाहीत. डोळे वाहू दिले.